आधी काम, मग नाव: मुलांना मेंदू शिकवताना

अलिबागजवळ चौलला दत्ताची टेकडी चढणारं आठ-नऊ वर्षांचं मूल जरा निरखून बघा. पायरीकडे न बघता पाऊल बरोबर पायरीवर पडतं. धाप लागली की श्वास आपोआप वाढतो, त्याला कोणी सांगावं लागत नाही. जत्रेचे दिवस असले तर वाटेतल्या खेळण्यांच्या दुकानापुढे पाय अडतात, हट्ट सुरू होतो, आईने डोळे वटारले की तो गिळलाही जातो. गेल्या वर्षी चप्पल कुठे तुटली होती ती जागा ते बरोबर दाखवतं. एवढ्या वेळात त्याच्या मेंदूचा जवळजवळ प्रत्येक भाग कामाला लागून गेलेला असतो.

शाळेत हाच मेंदू त्याला भेटतो तो आकृतीत, बाण काढलेला. प्रमस्तिष्क, अनुमस्तिष्क, मस्तिष्कपुच्छ. मूल नावं पाठ करतं, परीक्षेत लिहितं आणि दिवाळीच्या सुट्टीपर्यंत विसरून जातं. यात मुलाची चूक नाही. ज्या वस्तूचं काम माहीत नाही, तिचं नाव लक्षात राहायचं कारणच नसतं. म्हणून माझं सांगणं इतकंच आहे, की क्रम उलटा करा. आधी मुलाला त्याच्याच अंगात काम दाखवा, ते नीट कळू द्या, आणि मगच त्या कामाला नाव जोडा. पहिली-दुसरीतल्या मुलाला एकाही संस्कृत नावाची गरज नाही. चौथी-पाचवीपासून मोठा मेंदू, लहान मेंदू आणि मेंदूचा देठ एवढं पुरतं. पुस्तकातली नावं सातवी-आठवीत आली तरी उशीर होत नाही.

मांसाहारी घर असेल तर सुरुवात बाजारातून करावी. आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर मटणवाला बकऱ्याचा भेजा अख्खा काढून देतो. घरी आणल्यावर तो लगेच पाण्यात टाकू नका. आधी ताटलीत ठेवा आणि मुलाला बोटाने अगदी हलकेच दाबून बघू द्या. खूण उमटते. भेजा इतका मऊ असतो हे बहुतेक मोठ्यांनाही माहीत नसतं, कारण आपल्याला तो शिजलेलाच ठाऊक. डोक्याला हाडाची कवटी कशासाठी, हे त्या एका स्पर्शात कळतं. अलिबाग-रेवदंडा रस्त्यावर मुलाला स्कूटरवर पुढे उभं करून नेणाऱ्या पालकांनी हा प्रयोग स्वतःसुद्धा करावा. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट कायद्याने सक्तीचं आहे. पण कायद्यापेक्षा ती बोटाची खूण मुलाच्या जास्त लक्षात राहते, आणि मग हेल्मेट तेच मागून घेतं.

पुढे पाण्यात मीठ घालून उकळी आणा आणि भेजा अलगद सोडा. हळद घालू नका, रंग झाकले जातात. पाचेक मिनिटांत तो घट्ट होतो. वरची पातळ पापुद्र्यासारखी साल आणि तिच्यावरच्या लालसर रक्तवाहिन्या हळूच सोलून काढा. आता बघण्यासारखं बरंच आहे. मधल्या खोल चिरेने झालेले दोन अर्धे भाग, त्यांच्यावरच्या वळ्या, आणि मागच्या बाजूला बारीक समांतर रेघांचा एक छोटा गोळा. तो लहान मेंदू. त्याखालचा देठ बहुतेक वेळा काढतानाच तुटलेला असतो, पण तुटल्याची जागा दिसते. धारदार सुरीने, अर्थात मोठ्यांनी, मधोमध काप घेतला तर बाहेरचा थर किंचित करडा आणि आतला भाग पांढरा दिसतो. करड्या थरात चेतापेशींची गर्दी असते, पांढऱ्या भागात त्यांना एकमेकींशी जोडणारे तंतू. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. बकऱ्याचा भेजा साधारण शंभर ते सव्वाशे ग्रॅम भरतो. मोठ्या माणसाच्या मेंदूचं वजन तेराशे-चौदाशे ग्रॅमच्या आसपास असतं.

वळ्या कशाला, हा प्रश्न मूल विचारतंच. त्याच्या हातात वर्तमानपत्राचं एक पान आणि नारळाची करवंटी द्या. माणसाच्या मेंदूचा बाहेरचा थर पसरला तर साधारण तेवढ्या पानाएवढा होतो. पान करवंटीत बसवायचं तर चुरगाळावंच लागतं. शाकाहारी घरात अक्रोड दाखवतात. वळ्यांपुरता तो ठीक आहे, पण मऊपणा आणि लहान मेंदू त्यात दिसत नाही. तिथे करवंटी आणि कागदच बरा.

मासळी साफ करतानाही संधी मिळते. बांगड्याची टाळू जपून उघडली तर आत अगदी छोटा पांढुरका मेंदू दिसतो, आणि त्यात उठून दिसतात ते दोन फुगीर गोल. ते नजरेचं काम सांभाळतात. ज्या प्राण्याला जे काम जास्त, त्याचा तो भाग मोठा, हे सूत्र मूल तिथल्या तिथे स्वतः काढतं. मात्र एखाद्याला किळस आली तर आग्रह करू नका. शिकण्यासाठी मळमळ सोसायची गरज नाही.

आता जिवंत मेंदूकडे या. लहान मेंदूसाठी मुलाला एका पायावर उभं करा, मग डोळे मिटायला सांगा. क्षणात डोलायला लागतं. तोल सांभाळायला डोळे, कानाच्या आतलं संतुलनाचं इंद्रिय आणि पायाच्या स्नायूंकडून येणारे निरोप असे तिन्ही लागतात, आणि त्यांचा मेळ घालण्यात लहान मेंदूचा वाटा मोठा असतो. चौलच्या वाडीत पोफळीवर चढलेला माणूस झाड झुलवून शेजारच्या पोफळीला हात घालतो, तेव्हा त्या झोक्याचा अंदाज कागदावर मांडून केलेला नसतो. वर्षानुवर्षांच्या सरावाने लहान मेंदूने तो पक्का केलेला असतो. सायकल, पोहणं, विटीदांडू, तबल्याचा बोल, सगळं तिथे मुरतं. मुलाला हेही सांगा, की माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात आणि त्यांपैकी ६९ अब्जांच्या आसपास एकट्या लहान मेंदूत असतात, जरी त्याचं वजन पूर्ण मेंदूच्या दहाव्या भागाएवढंच असलं तरी. ब्राझीलच्या सुझाना हर्क्युलानो-हौझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली ही मोजणी प्रसिद्ध केली. त्याआधी शंभर अब्ज हा आकडा बिनदिक्कत छापला जायचा, आणि अजूनही कुठे कुठे तोच दिसतो.

मुलांना सगळ्यात आवडतो तो गुदगुल्यांचा प्रयोग. दुसऱ्याने केल्या तर हसू आवरत नाही, स्वतःच्या हाताने केल्या तर काहीच होत नाही. आपला हात कुठे लागणार याचा अंदाज लहान मेंदू आधीच बांधतो आणि त्या स्पर्शाची धार कमी होते. हे कळलं की पुढचे दोन दिवस घरात शांतता राहत नाही, याची तयारी ठेवा.

स्पर्शासाठी माडाच्या झावळीचे दोन हीर घ्या आणि टोकं बोथट करा. मुलाला डोळे मिटायला सांगून दोन्ही हीर एकदम बोटाच्या टोकाला टेकवा, मध्ये दोन-तीन मिलिमीटर अंतर ठेवा. दोन टोकं आहेत हे त्याला कळतं. तेच पाठीवर करा. पाठीवर तीन-चार सेंटिमीटर अंतर असलं तरी पुष्कळदा एकच टोक टेकल्यासारखं वाटतं. बोटांकडून आणि ओठांकडून येणाऱ्या स्पर्शासाठी मेंदूच्या वरच्या भागात, साधारण एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत केसांचा पट्टा लावतात त्या रेषेत, खूप मोठी जागा राखलेली आहे. पाठीच्या वाट्याला फार थोडी येते. चेहऱ्याजवळ हा प्रयोग करू नका, डोळे सांभाळायला हवेत.

नजरेचं केंद्र डोक्याच्या पार मागच्या बाजूला आहे, यावर मुलांचा आधी विश्वासच बसत नाही. मागे आपटल्यावर डोळ्यांपुढे काजवे का चमकतात, असं विचारा. पटतं. प्रतिक्रियेच्या वेगासाठी तीस सेंटिमीटरची पट्टी पुरते. तुम्ही ती वरून धरा, मुलाची बोटं शून्याच्या खुणेशी न टेकता ठेवा, आणि न सांगता सोडा. पंधरा सेंटिमीटरवर पकडली तर सेकंदाचा साधारण १७ शतांश वेळ लागला, वीसवर पकडली तर २० शतांश. डोळ्याने बघितलं, मेंदूने ठरवलं, हाताला हुकूम गेला, एवढं सगळं त्यात आलं. हीच पट्टी रात्री उशिरा, झोप आलेली असताना पुन्हा धरायला सांगा. आकडा वाढलेला दिसला की झोपेवर वेगळं व्याख्यान द्यावं लागत नाही.

भाषेचा धडा शिकवायला चौलसारखी जागा शोधून सापडणार नाही. रेवदंड्याहून कुंडलिकेची खाडी ओलांडली की कोर्लई. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत आजही घरात एक अशी बोली बोलतात, जिचा पाया पोर्तुगीज आहे आणि जिच्यावर मराठीची दाट छाया आहे. ‘नॉ लिंग’ म्हणजे आपली भाषा, असं ते तिला म्हणतात. पोर्तुगीज १७४० साली चौल सोडून गेले, बोली मागे राहिली. बोलणारे जेमतेम हजाराच्या आसपास. त्या घरातलं मूल आईशी एका भाषेत बोलतं, शाळेत बाईंशी मराठीत बोलतं, आणि अडखळत नाही.

हे मेंदूत कुठे घडतं? पॅरिसचे डॉक्टर पॉल ब्रोका यांच्याकडे १८६१ साली एक रुग्ण आला. त्याला बोललेलं बरंचसं समजायचं, पण तोंडातून ‘तान’ एवढाच शब्द निघायचा. तो गेल्यावर ब्रोका यांनी मेंदू तपासला, तेव्हा डाव्या बाजूच्या पुढच्या भागात इजा सापडली. १८७४ मध्ये कार्ल वेर्निके यांनी आणखी मागची एक जागा दाखवली. तिथे इजा झालेली माणसं घडाघडा बोलतात, पण अर्थ हरवलेला असतो. बहुतेक माणसांत भाषेची ही मुख्य केंद्रं डाव्या बाजूला असतात. मेंदूचा कोणता भाग काय करतो हे माणसाला बऱ्याच अंशी असं कळत गेलं आहे, कोणाच्या तरी आजारातून. मोठ्या मुलांना हा इतिहास जरूर सांगा. आकृतीतल्या बाणामागे एक माणूस उभा आहे, हे त्यांना समजलं पाहिजे.

इथे पालकांना एक विनंती. घरात आगरी, कोळी किंवा कोणतीही बोली बोलणाऱ्या मुलाला ‘शुद्ध बोल’ म्हणून दटावू नका. दोन भाषा किंवा दोन बोली एकाच वेळी शिकल्याने मेंदूवर भार पडत नाही. शब्दांची सरमिसळ करणं हा शिकण्याचाच भाग असतो. घरातली बोली तोडली तर मूल प्रमाण मराठीत लवकर पक्कं होतं, हा समज निराधार आहे.

आठवणीसाठी मुलाला घरापासून शाळेपर्यंतचा नकाशा काढायला लावा, फोनला हात न लावता. कोणती पाखाडी कुठे वळते, रामेश्वराची पुष्करणी कोणत्या हाताला येते, विहीर कुठे, कुत्रा कुठे. मेंदूच्या आत खोलवर, दोन्ही कानांच्या पातळीला, एक वाकडा भाग आहे, हिप्पोकॅम्पस. जागा लक्षात ठेवणं आणि नव्या आठवणी पक्क्या करणं ही त्याची मुख्य कामं. लंडनच्या गल्लीबोळ पाठ असणाऱ्या टॅक्सीचालकांमध्ये त्याचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा आढळला, असं २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. दिवसभरात शिकलेलं पक्कं होतं ते बरंचसं झोपेत. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप हवी. परीक्षेच्या आदल्या रात्री जागवून केलेली घोकंपट्टी म्हणून वाया जाते.

कपाळामागचा भाग शिकवायला ‘शिवाजी म्हणतो’ हा खेळ पुरेसा आहे. ‘शिवाजी म्हणतो, हात वर’ म्हटलं तर हात वर करायचे, नुसतं ‘हात वर’ म्हटलं तर थांबायचं. हात निघालेला असतो आणि तो अडवायचा असतो. हे अडवणं कपाळामागचा मेंदू करतो. विचार करून थांबणं, पुढचं बघणं, हट्ट गिळणं ही त्याचीच कामं. आणि मेंदूतला हाच भाग सगळ्यात शेवटी पिकतो, वयाच्या पंचविशीच्या सुमारास. सात वर्षांच्या मुलाकडून ‘तुला कळत कसं नाही’ म्हणून मोठ्या माणसाच्या संयमाची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे. त्याचा मेंदू आकाराने मोठ्या माणसाच्या नव्वद टक्क्यांपर्यंत पोचलेला असतो, पण आतल्या जोडण्या अजून तयार होत असतात. हा धडा मुलांपेक्षा आपल्यासाठी जास्त आहे.

काही गोष्टी मुलांना मुद्दाम शिकवू नयेत, आणि त्यांच्यावर पैसेही घालवू नयेत. माणूस मेंदूचा दहाच टक्के भाग वापरतो, हे खोटं आहे. पूर्ण मेंदू वापरात असतो आणि शरीराच्या वजनाच्या दोन टक्के असूनही सुमारे वीस टक्के ऊर्जा तोच खातो. अमुक मूल उजव्या मेंदूचं, तमुक डाव्या मेंदूचं, ही वाटणीही खरी नाही. भाषेसारखी काही कामं एका बाजूला झुकलेली असतात हे खरं, पण दोन्ही बाजू सतत एकमेकींशी बोलत काम करतात. बोटांच्या ठशांवरून मुलाचा कल सांगणाऱ्या चाचण्यांना शास्त्रीय आधार नाही. सगळ्यात त्रासदायक आहेत ते ‘मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन’चे वर्ग. डोळ्यांवर पट्टी बांधून मूल वाचून दाखवतं आणि पालक हजारो रुपये मोजतात. मूल पट्टीखालून, नाकाजवळच्या फटीतून बघत असतं. मध्यमेंदू हा देठाचा जेमतेम दोन सेंटिमीटरचा तुकडा आहे आणि तो प्रत्येक मुलात जन्मापासून चालूच असतो. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या (अंनिसच्या) कार्यकर्त्यांनी या वर्गांविरुद्ध आवाज उठवला तो योग्यच होता, कारण तिथे मुलाला विज्ञानाच्या नावाखाली फसवायला शिकवलं जातं. मराठीत चांगलं वाचायचं असेल तर डॉ. श्रुती पानसे यांचं मेंदू आणि शिक्षण या विषयावरचं लेखन आहे, डॉ. आनंद जोशी आणि सुबोध जावडेकर यांचं ‘मेंदूतला माणूस’ आहे. आधी तुम्ही वाचा, मग मुलांना सांगा.

देठाचं काम सांगायला श्वास रोखून धरायला लावा. काही सेकंदांनी श्वास घ्यावाच लागतो, मुलाची इच्छा तिथे चालत नाही. श्वास, हृदयाचे ठोके, गिळणं, खोकणं यांचा कारभार देठाकडे आहे आणि तो झोपेतही थांबत नाही. हा प्रयोग घरात बसूनच करायचा. पुष्करणीत, विहिरीत किंवा समुद्रात श्वास रोखायची पैज लावायची नाही, हे निक्षून सांगा. पाण्याखाली शुद्ध हरपली तर वर यायला वेळ मिळत नाही.

आता ज्यासाठी हे सगळं मुलांना यायला हवं असं मला मनापासून वाटतं, ते सांगते. आपल्याकडे अनेक घरांत अंगावरून वारं गेलेले आजोबा किंवा आजी असतात. उजवा हात लुळा, उजवा पाय ओढत चालतात, आणि शब्द फुटत नाही. मुलाने वरचे प्रयोग केले असतील तर त्याला विचारा, आजोबांच्या मेंदूची कोणती बाजू दुखावली असेल? मेंदूची डावी बाजू शरीराची उजवी बाजू चालवते, आणि भाषाही बहुधा डावीकडेच. उत्तर मूल स्वतः देतं. आजोबांना बोललेलं कदाचित समजत असेल, फक्त बोलता येत नसेल, हेही त्याच्या लक्षात येतं, आणि ते त्यांच्याशी पुन्हा गप्पा मारायला लागतं. घोकलेल्या नावांनी हे होत नाही.

दुसरी गोष्ट याहून निकडीची. अंगावरून वारं जातं ते बहुतेकदा मेंदूची रक्तवाहिनी तुंबल्याने, आणि ती तुंबली की दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा अंदाज आहे. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हावा लागतो. चौलहून अलिबागला जायचं, तिथून गरज पडली तर पुढे, यात वेळ जातोच. मग ‘वारं गेलं, तेल चोळा, सकाळपर्यंत बघू’ म्हणत घालवलेला एकेक तास परत मिळत नाही. दुपारी मोठी माणसं कामावर असताना घरात अनेकदा आजी आणि नातवंडंच असतात. पहिल्यांदा दिसणार ते मुलालाच.

म्हणून दहा वर्षांवरच्या प्रत्येक मुलाला तीन खुणा शिकवा. हसायला सांगितलं तर तोंड एका बाजूला वाकडं होतं. दोन्ही हात वर धरायला सांगितले तर एक खाली येतो. साधं वाक्य बोलायला सांगितलं तर जीभ अडखळते. यातली एक जरी खूण अचानक दिसली तर १०८ ला फोन करायचा, शेजाऱ्यांना हाक मारायची, किती वाजले ते लिहून ठेवायचं आणि आजीच्या तोंडात पाणी किंवा गोळी काहीही घालायचं नाही. सीटी स्कॅनची सोय असलेलं आपल्याला सगळ्यात जवळचं रुग्णालय कोणतं, हे आजच विचारून घ्या आणि त्याचा नंबर १०८ च्या खाली, मुलाचा हात पोचेल एवढ्या उंचीवर, भिंतीवर लिहून ठेवा.